मुलांचे मन आणि मंजूर पदे

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्काई व चुरलमला परिसरावर डोंगर कोसळला. वेल्लारमला येथील नदीकाठच्या सरकारी शाळेने त्यात आपले अनेक विद्यार्थी गमावले. सप्टेंबरच्या आरंभी वाचलेल्या मुलांचे वर्ग मेप्पाडी येथे पुन्हा भरू लागले. दरम्यान मदत छावण्यांत समुपदेशकही पोहोचले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानसिक परिणामांचा अभ्यास केला होता. तेव्हापासून आपत्तीबाबत प्रशासन बरेच शिकले, हे मान्य करावे लागेल.

परंतु आपत्तीचा पंचनामा होतो. बापाचे व्यसन, सावकाराचा तगादा, हंगामी स्थलांतर, घरातील मारहाण यांचा होत नाही. गरीब वस्तीतील शाळेत येणारे मूल हे ओझे रोज घेऊन येते. ते वर्गात झोपते, अकारण भांडते किंवा आठवडाभर येतच नाही, आणि हजेरीपटाबाहेर त्याची नोंद ‘खोडकर’ किंवा ‘ढ’ अशी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. त्याऐवजी काय करावे, हे मात्र शिक्षकाला कोणी पुरेसे शिकवले नाही.

केंद्राने काहीच केले नाही, असे नव्हे. २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. त्याच वर्षीच्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याचे ठरवले. दिल्ली सरकारने तर २०१८ मध्ये आठवीपर्यंत आनंदाचा तास सुरू केला. तो तास चांगलाच. पण असा तास सर्वांसाठी असतो. घरात एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात, अशा मुलीला मदतवाहिनीचा क्रमांक पाठ असून काय उपयोग?

खरी अडचण पुढची आहे. समजा, एखाद्या मुलीने बाईंना विश्वासाने अत्याचाराची हकिगत सांगितली. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बाईंवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. न कळवणे हा गुन्हा ठरतो. बंधन योग्यच आहे. मात्र पुढे त्या मुलीसोबत ठाण्यात कोण जाईल, ती रात्र कोठे काढेल, हे ठाऊक नसलेला शिक्षक हळूहळू विचारणेच टाळू लागतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे ३०० विद्यार्थ्यांच्या माध्यमिक शाळेत साधारण २२ मुले. आघात सोसूनही आजारी न पडलेली मुले यात मोजलेली नाहीत. निवडणूक व जनगणनेची कामे उरकून वर्गात परतणाऱ्या शिक्षकाने, आरोग्यदूताचा बिल्ला लावून, हा भार पेलावा ही अपेक्षा कागदावरच शोभते.

उपचारांची वाट तशी जुनीच आहे. बंगळूरच्या निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारीत केलेल्या प्रयोगातून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. शाळा आणि जिल्हा रुग्णालय यांना जोडणारा माणूस तेवढा हवा. दहा-बारा शाळांमागे एक समुपदेशक, प्रकल्पाच्या निधीतून नव्हे तर राज्याच्या नियमित आस्थापनेवर, आणि पहिली नेमणूक सर्वाधिक गरीब तालुक्यांत. वित्त विभाग नव्या पदांना सहसा हरकत घेतो, आणि मग कंत्राटी नेमणुकीची तडजोड होते. येथे ती चालणार नाही. एकदा धीर करून बोललेल्या मुलाला पुढच्या जूनमध्ये तेच सारे नव्या माणसाला पुन्हा सांगावे लागते.