सूर्यास्तापूर्वीचा मुक्काम
बालाघाटावरून कॅम्पर घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून सहकुटुंब प्रवास करण्याची कल्पना आपल्यासारख्या घरांना सोयीची वाटावी, याला कारण आहे. गाळून उकळलेले पाणी, कंदमुळांविना स्वयंपाक आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण ढाब्यावर मिळवताना होणारी ओढाताण स्वतःचे स्वयंपाकघर सोबत असले की उरत नाही. मात्र हे घर ओढून न्यायचे असते, आणि रात्री ते कोठे उभे करायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

दिवाळीचा हंगाम उरकल्यावर, कार्तिकात, व्यापाऱ्याला थोडी सवड मिळते. तेव्हा बीड जिल्ह्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतरच्या 48 मिनिटांचा काळ, पाळून निघाले तर साडेसात होतात. दुपारी चारच्या आत गाडी मुक्कामी लागली, तरच कॅम्पर समतल करून, चाकांना अडण्या लावून, स्वयंपाक व जेवण उजेडात आटोपते. या हिशेबात दिवसाला दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक पल्ला बसवू नये. ज्यांना चौविहाराचा नियम नाही, त्यांनीही हीच वेळ पाळावी. कारण याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि मागे दिवा नसलेली, उसाने भरलेली ट्रॉली संधिप्रकाशात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

मार्ग आखण्यास बालाघाटाचे पठार उत्तम. अहिल्यानगरहून निघालेला रस्ता कडा आणि आष्टी येथे बीड जिल्ह्यात शिरतो, जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात जातो आणि सौताड्याला परत बीडमध्ये येतो. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते, तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. कार्तिकापर्यंत धार बारीक होते हे खरे. भाद्रपदात ती जोरात असते, पण तेव्हा काळ्या मातीत रुतलेला कॅम्पर ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. धारेपेक्षा कोरडी जमीन मोलाची, असे माझे मत. कॅम्पर वर, रुंद जागी ठेवून दरीकडे पायीच जावे.

पुढे पाटोद्यावरून मांजरसुंब्याला यावे आणि पहिला मुक्काम तेथेच करावा, बीड शहरात नव्हे. येथून बीडकडे घाट उतरतो. ओझे मागे घेऊन तो उतरणे आणि पुन्हा चढणे टाळता येत असेल तर का टाळू नये? दुसऱ्या दिवशी कॅम्पर वर ठेवून मोकळ्या मोटारीने खाली जावे. बीडचे पाण्यात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर आणि निजामशाही काळातली, भूमिगत कालव्यातून शेतीला पाणी देणारी खजाना विहीर पाहावी. कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी व धबधबा आहे. तेथे कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, तो दिवस वगळावा. नायगावचे मयूर अभयारण्यही पाटोदा तालुक्यातच आहे. मोर पाहायचे तर सकाळी लवकर जावे.

तिसऱ्या दिवशी नेकनूर, केजवरून अंबाजोगाई. योगेश्वरीचे मंदिर, कोरीव लेणी आणि 'विवेकसिंधू'कर्त्या मुकुंदराजांची समाधी येथे आहे. नकाशात तेलगाव–धारूर असाही एक मार्ग दिसेल. धारूरचा घाट अरुंद व वळणांचा असून त्यातून उसाच्या गाड्याही जातात. कॅम्परसह त्या वाटेस जाऊ नये.

परतताना मांजरसुंब्याहून दक्षिणेकडे वळून, चौसाळा ओलांडून, धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीस जावे. कुलभूषण व देशभूषण मुनींचे हे निर्वाणक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखनापूर्वक समाधी 18 सप्टेंबर 1955 रोजी येथेच झाली. क्षेत्राच्या आवारात कॅम्पर उभा करण्याची अनुमती व्यवस्थापकांकडे आधी मागावी. दारात जाऊन विचारल्यास दोघांनाही संकोच होतो.

इतर मुक्कामांसाठी आपल्या व्यापारी ओळखी कामी येतात. जिनिंगच्या आवारात मुरमाची घट्ट जमीन, राखणदार आणि पाणी मिळते. पण कापसाचा हंगाम चालू असताना तेथे गॅस पेटवणे म्हणजे यजमानाचा सारा माल धोक्यात घालणे. कापूस पडलेला असेल तर मालकाने आग्रह केला तरी नकार द्यावा आणि धर्मशाळा पाहावी.

निघण्यापूर्वी भरलेला कॅम्पर मोंढ्यातल्या वजनकाट्यावर चढवावा. मोटारीची ओढण्याची मर्यादा तिच्या पुस्तिकेत दिलेली असते. कॅम्परच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग जोडणीच्या हुकावर पडावा. तो फार कमी झाला तर वेगात कॅम्पर डोलू लागतो. धान्याचे डबे आणि भांडी चाकांच्या वर व किंचित पुढे ठेवावीत, मागे नकोत. पाण्याची टाकी शंभर लिटरची असेल तर शंभर किलो वाढतात, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावते. म्हणून पिण्याचे पाणी वेगळे घेऊन टाकी मुक्कामावर भरणे बरे. उतारावर गिअर आधीच कमी करावा, ब्रेक सतत दाबून तापवू नयेत.

मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी आणि विम्याची कागदपत्रे मोटारीच्या कागदांसोबत ठेवावीत. मागचे दिवे रोज सकाळी एकाने मागे उभे राहून तपासावेत. हे काम घरातल्या मुलांकडे सोपवले तर ती ते चुकवत नाहीत.