जितकी जाकिटे, तितकीच माणसे

औंधचा मुलूख कोरडा. यमाईच्या डोंगरावरून दृष्टी टाकली तर माळराने दिसतात, नाव दिसत नाही. त्यामुळे येथील एखाद्या शाळेची सहल वेण्णा तलावावर वा तापोळ्याच्या शिवसागरावर पोचली, की मुलांची पावले प्रथम नावेकडे वळावीत हे स्वाभाविकच. यांतील कितीजणांना पोहता येते? ज्याला पोहता येत नाही, त्याच्या दृष्टीने नावेतील साहित्याचा प्रश्न गौण नव्हे.

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेहून अधिक मुले होती आणि अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. आपल्याकडे, जुन्या औंध संस्थानातील कुंडल आज ज्या पलूस तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून १७ जण बुडाले. ती सहल नव्हती; परंतु प्रमाणाबाहेरचा भार तेथेही होताच.

नावाड्याच्या लोभावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. अर्थशास्त्र मात्र वेगळे काही सांगते. दहा माणसे नेण्यास लागणारे इंधन आणि अकरा माणसे नेण्यास लागणारे इंधन यांत फरक तो कितीसा? अकराव्याचे भाडे जवळजवळ निव्वळ नफाच. उलट जाकिटावरील खर्च रोख द्यावा लागतो आणि त्याचा लाभ हंगामच्या हंगाम दिसत नाही. तो खर्च टाळणारा शेजारी भाडे उतरवतो, तेव्हा सचोटीने वागणाराच धंद्यातून उठतो. उतारूला तर जाकिटाचा पट्टा तुटका आहे, हेही काठावरून कळत नाही. अशा व्यवहारात बाजार आपोआप शहाणा होईल, ही अपेक्षा भाबडी होय.

१९१७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रचलित नौकांची नोंदणी, तपासणी व विमा यांची तरतूद आहे. ती धक्क्यापर्यंत पोचवण्याचा उपाय साधा आहे: तिकीट खिडकीवर जाकीट अंगात चढवल्यावाचून तिकीट देऊ नये. जाकिटे संपली की तिकिटेही संपली.

अवजारांची पेटी तर कोणी विचारातच घेत नाही. यंत्र बंद पडलेली नाव वाऱ्याला आडवी होते, लाटा कुशीवर बसू लागतात आणि घाबरलेली माणसे एका अंगाला उठून उभी राहतात. नाळेला बांधलेला नांगर टाकला, तर तोंड वाऱ्याकडे राहते. वल्ही असतील तर काठ गाठता येतो. पाना व जादा स्पार्क प्लग असेल तर कदाचित यंत्रही सुरू होते. पाणी उपसण्याची बादली, दोर, शिट्टी आणि अग्निशामक नळकांडे यांना जागा ती किती लागते? पण हे सारे काठावरच्या खोपटात कुलूपबंद असून काय उपयोग!

शिक्षकांनी सहलीचे पत्र धाडतानाच आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगावर ढिले पडते आणि पाण्यात डोक्यावरून निघून जाते. तेव्हा मुलांच्या मापाची जाकिटे किती आहेत, हा आकडा लेखी मागवावा आणि एका फेरीत तितकीच मुले नावेत बसवावीत.