प्रथिनांची घडण आणि यंत्रांचे साहाय्य

रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हीमोग्लोबिन आणि जठरात अन्न पचविणारे पेप्सिन ही दोन्ही प्रथिनेच होत. प्रथिनाच्या रेणूतील हजारो अणू कोणत्या ठेवणीत बसले आहेत हे कळले, म्हणजे त्याचे कार्य उमगते. रोगजंतूचे प्रथिन असल्यास त्यास निष्प्रभ करणारे औषधही योजता येते. परंतु हे अणू साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाहीत. म्हणून प्रथिनाचा स्फटिक तयार करून त्यावर क्ष-किरण सोडतात. स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे ठिपके उमटतात. त्यांच्या तीव्रतेवरून गणिताने रेणूची आकृती सिद्ध करतात.

केंब्रिज येथे माक्स पेरुत्स यांनी १९३७ साली हीमोग्लोबिनचा अभ्यास आरंभिला. त्याची स्थूल आकृती हाती येण्यास १९५९ साल उजाडले. जॉन केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आकृती १९५८ मध्ये मिळविली. गणितासाठी त्यांना एडसॅक या गणकयंत्राचे साहाय्य झाले. १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले.

आता या कामातील बराच भाग यंत्रांनी उचलला आहे. स्फटिक कोणत्या मिश्रणात वाढेल हे आधी सांगता येत नाही. शेकडो मिश्रणे करून पाहावी लागतात. यंत्र हे थेंब आपोआप टाकते. एकेक थेंब मिलिलिटरच्या दहा हजाराव्या भागाइतकाच असल्याने दुर्मिळ प्रथिन वाया जात नाही. पुढे यांत्रिक हात द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठविलेला स्फटिक उचलून क्ष-किरणांच्या झोतात धरतो व मोजणी काही मिनिटांत आटोपते.

या वेगाचे मोल २०२० साली दिसून आले. इंग्लंडमधील डायमंड या सिंक्रोट्रॉन केंद्रात कोरोना विषाणूच्या एका प्रमुख प्रथिनाशी कोणते लहान रेणू जुळतात, हे पाहण्यासाठी हजाराहून अधिक रेणू अल्पावधीत तपासले गेले. हाताने हे काम इतक्या त्वरेने होणे अशक्यच होते.

तथापि काही प्रथिनांचे स्फटिक यंत्राच्या खटपटीनेही तयार होत नाहीत. शिवाय अस्पष्ट ठिपक्यांवरून चुकीची आकृतीही उभी राहू शकते. ती पारखण्यासाठी मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला आलेख आजही जगभर वापरतात. प्रथिनाच्या साखळीस कोणती वळणे शक्य आहेत, हे तो दाखवितो. यंत्राने श्रम वाचविले, पण उत्तर खरे की खोटे हे ठरविण्याची जबाबदारी माणसाकडेच राहिली आहे.