वर्गाबाहेर उभं केल्यावर

भाईंदर पूर्वेची एखादी दुपारच्या पाळीची शाळा डोळ्यांसमोर आणू या. आईवडील सकाळीच चर्चगेट लोकलनं कामाला गेलेले. सातवीतला एक मुलगा गणिताचा तास सुरू झाला की बाक वाजवतो, शेजाऱ्याची वही ओढतो. बाई त्याला वर्गाबाहेर उभं करतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग आपण म्हणतो, शिक्षा करूनही सुधारत नाही!

पण ही त्याला शिक्षा झाली का? अपूर्णांक येत नसतील, तर फळ्यापाशी हसं होण्यापेक्षा व्हरांडा बरा. बाक वाजवला की गणित टळतं, एवढं तो नीट शिकला आहे. एखाद्या कृतीमुळे नकोशी गोष्ट टळली, की ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या परिभाषेत हे 'ऋण प्रबलन'. ऋण म्हणजे शिक्षा नव्हे. ही गल्लत आम्हीही बरीच वर्षं करत होतो.

म्हणून ओरडण्याआधी एक वही करावी. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं, असे तीन रकाने. आठवडाभरात काहीतरी दिसू लागतं. कुणाला फळाच दिसत नसतो. कुणाला फक्त आपलं लक्ष हवं असतं. अशा वेळी दुर्लक्ष केलं तर गोंधळ आधी वाढतो, मगच ओसरतो. आपण मध्येच चिडलो, तर आणखी मोठ्यानं ओरडलं की काम होतं, हे मूल शिकतं.

समुपदेशकाचं काम या वहीपासून सुरू होतं. त्यांची खोली धाक दाखवण्याची जागा झाली, तर मूल तिथं बोलणार नाही. बोललेलं गुप्त राहील, पण जिवाला धोका असेल तर सांगावंच लागेल, हे आधीच स्पष्ट करावं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं. तोवर वर्गातल्या बाईच पहिल्या.

त्या मुलाला आम्ही आधी त्याला येतील अशी तीन गणितं देऊ. आणि अडलं, तर बाक न वाजवता हात वर करून दोन मिनिटं पाणी पिऊन येण्याची मुभा.