आर्नोच्या काठाने कोल्हापूरच्या छत्रीपर्यंत

फ्लॉरेन्समधली गर्दी अफाट असली, तरी तिचा पसारा लहान आहे. कॅथीड्रलचा घुमट, उफित्सी कलादालन आणि सोनारांच्या दुकानांचा पॉन्ते वेक्किओ पूल हे सगळं पायी दहा-पंधरा मिनिटांत संपतं. दिवसभरासाठी आलेले पर्यटक तेवढ्यातच फिरत राहतात. ही गर्दी टाळायला नकाशात आडवाटा शोधाव्या लागत नाहीत. आर्नो नदी जिकडे वाहते तिकडे, पश्चिमेला चालत सुटायचं. वाट सपाट आहे, अंतर पाच-सहा किलोमीटर.

पहिला थांबा पुढच्याच पुलावर, सान्ता त्रिनितावर. ऑगस्ट १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पॉन्ते वेक्किओ तेवढा सोडून शहरातले सगळे पूल उडवले. त्यातलाच हा एक. नदीतून काढलेले दगड वापरून १९५८मध्ये तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला. पुलाच्या टोकाशी असलेल्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचं शिर मात्र नदीत सापडायला १९६१ उजाडलं.

पूल ओलांडला की ऑल्त्रार्नो, म्हणजे नदीपलीकडची वस्ती. चौकटी दुरुस्त करणारे, चामड्याचं काम करणारे, लाकडावर सोनेरी मुलामा चढवणारे कारागीर अजूनही इथे तळमजल्यावर काम करताना दिसतात. जुन्या वाड्यांच्या भिंतींत मधूनच देवळीएवढं कमानदार भोक दिसेल. सरदार घराणी आपल्या मळ्यातली वाइन त्यातून थेट गिऱ्हाइकाला विकत. १६३०च्या प्लेगमध्ये माणसाला न शिवता सौदा करायला ही खिडकी उपयोगी पडली. २०२०च्या कोविडकाळात त्यांतल्या काही पुन्हा उघडल्या.

सान्तो स्पिरितो चर्चचा दर्शनी भाग अगदी कोरा आहे. आतली प्रमाणबद्ध रचना ब्रुनेलेस्कीची. मोठ्या घुमटाचा कर्ताही तोच. जवळच्या कार्मिने चर्चमध्ये ब्रान्काच्ची चॅपल आहे. मासाच्चोने इथे १४२०च्या दशकात भित्तिचित्रं काढली आणि सपाट भिंतीवरच्या माणसांना वजन आणि सावली दिली. ऐन उमेदीत तो गेला, पण तरुण मायकेलएंजेलो याच भिंतींसमोर बसून शिकला. एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी राखून ठेवावी.

चौदाव्या शतकातल्या सान फ्रेदियानो वेशीतून बाहेर पडून पुन्हा नदी ओलांडली की काशिने उद्यान लागतं. एकेकाळी ही मेदिची घराण्याची शेतीची आणि शिकारीची जागा होती. आता इथे धावणारे, सायकलवाले आणि बाबागाड्या ढकलणारे आई-बाप दिसतात. मंगळवारी सकाळी इथे मोठा आठवडी बाजार भरतो.

उद्यानाच्या पार टोकाला मुन्योने नदी आर्नोला मिळते. तिथे एक छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि शहरात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून, नदीसंगम पाहून इथे अग्निसंस्कार झाले. त्यांनी प्रवासात इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी १८७२मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तर स्मारक १८७४मध्ये उभं राहिलं. शेजारून जाणाऱ्या १९७८च्या पुलालाही फ्लॉरेन्सकर 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल, म्हणतात.

स्मारकाचा आराखडा चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाचा. कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा हेही त्याचंच काम. म्हणून कोल्हापूरकराने ही पायपीट करावी ती छत्री नुसती पाहण्यासाठी नव्हे, तर आपल्या गावातल्या त्या दोन इमारतींशी ती ताडून पाहण्यासाठी.