रोहित्राची पहिली उसळी (लेखांक ७)

रोहित्र चार्ज करताना एका बाजूचा ब्रेकर क्लोज होतो, दुसरा उघडाच असतो. प्रवाह आत शिरतो, बाहेर काहीच पडत नाही. मागच्या लेखांकातल्या डिफरन्शियल रिलेच्या वजाबाकीने (आत शिरणारा प्रवाह वजा बाहेर पडणारा) पाहिले तर हा सगळा फरकच, आणि तरीही रिलेने ट्रिप देता कामा नये. एका वाचकाचा प्रश्न नेमका इथला आहे: तेच रोहित्र दोनदा सुरळीत चार्ज झाले, तिसऱ्यांदा ट्रिप झाले, रिले बिघडला का?

गाभ्यातला फ्लक्स व्होल्टेजच्या मागे पाव आवर्तन चालतो. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच ब्रेकर लागला, तर पहिल्या अर्ध्या आवर्तनात फ्लक्स नेहमीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत चढू पाहतो. मागच्या वेळी रोहित्र बंद करताना गाभ्यात उरलेले चुंबकत्व त्याच दिशेचे असेल, तर त्यात आणखी भर पडते. गाभा चालतो साधारण १.७ टेस्लावर आणि २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतो. मग प्रवाह उसळतो, कधी पूर्ण भाराच्या ८-१० पट. साधा ब्रेकर कोणत्या क्षणी लागेल हे कोणाच्या हाती नसते, म्हणून प्रत्येक चार्जिंगची उसळी वेगळी. वाचकाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर एवढ्यातच आहे.

या उसळीची लाट एकाच बाजूला टोकदार असते आणि दोन टोकांमध्ये प्रवाह जवळजवळ शून्य असतो. अशा एकांगी लाटेत ५० हर्ट्झबरोबर १०० हर्ट्झचा, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकचा, मोठा वाटा असतो. शॉर्टसर्किटच्या प्रवाहात तो फारसा नसतो. केनेडी आणि हेवर्ड यांनी १९३८ मध्ये याच फरकावर आधारलेला रिले मांडला. तेव्हा गाळणी कॉइल-कपॅसिटरची होती. डिजिटल रिले प्रवाहाचे नमुने घेतो, २० मिलिसेकंदांच्या खिडकीवर फूरियेचे गणित करतो आणि दोन्ही घटकांचे गुणोत्तर काढतो. ते ठरवलेल्या मर्यादेपेक्षा, बहुधा १५ टक्क्यांपेक्षा, जास्त निघाले की ट्रिप अडवतो.

उरलेले उत्तर या १५ टक्क्यांत आहे. आजच्या कमी तोट्याच्या गाभ्यांत एखाद्या फेजचे दुसरे हार्मोनिक कधी १० टक्क्यांच्याही खाली जाते, मग त्या फेजची अडवणूक सुटते आणि रिले ट्रिप देतो. म्हणून क्रॉस-ब्लॉकिंग वापरतात: एका फेजने अडवले की तिन्ही अडतात. त्याची किंमतही आहे. चार्ज करतानाच एका फेजच्या वाइंडिंगमध्ये खरा दोष असेल, तर निरोगी फेजची उसळी ओसरेपर्यंत तो जळत राहू शकतो. तीनपैकी दोन फेजनी कौल दिला तरच अडवणे किंवा लाटेतली सपाट पोकळी थेट ओळखणे, हे अधिक चांगले मार्ग. ज्या रिलेत सोय आहे तिथे ते आधी तपासावेत. अडवणूक न जुमानणारा हाय-सेट घटकही सर्वांत मोठ्या संभाव्य उसळीच्या वर ठेवलेला असलाच पाहिजे. मोठ्या दोषात सी.टी. (करंट ट्रान्सफॉर्मर) संपृक्त होऊन स्वतःच हार्मोनिक निर्माण करते, तेव्हा ट्रिप देणारा तोच.

ट्रिप झाल्याबरोबर १५ चे १० करणे ही मात्र घाई आहे. आधी रिलेतला डिस्टर्बन्स रेकॉर्ड उघडून तिन्ही फेजच्या लाटा पाहाव्यात. एकांगी टोके आणि मधल्या सपाट जागा दिसल्या, तर ती उसळी होती आणि सेटिंगचा विचार करता येतो. लाटा दोन्ही बाजूंना भरीव असतील, तर रिले बरोबर होता. ते रोहित्र तपासणीशिवाय पुन्हा चार्ज करू नये.