गुऱ्हाळाचा हिशेब : पेटींतील शिल्लक आणि खरा नफा

गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हें तापूं लागलीं कीं आटोपत येतो. त्या वेळीं "यंदा काय राहिलें?" असें गुऱ्हाळवाल्यास विचारलें, तर तो बहुधा पेटींत व बँकेंत किती शिल्लक आहे तें सांगतो. उत्तर प्रामाणिक असतें, पण तें विचारलेल्या प्रश्नाचें नसतें. शिल्लक निराळी व नफा निराळा. हा भेद न उमगल्यामुळें वर्षानुवर्षें खोटींत चाललेलें गुऱ्हाळ बरकतींत आहे अशा समजुतीवर चालूं राहतें. आणि मग एके वर्षीं चरक मोडला किंवा भाव बसला, म्हणजे जमिनीचा तुकडा काढण्याची पाळी कां आली हें घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. म्हणून येथें आम्ही एका लहान गुऱ्हाळाचा हिशेब मांडून दाखवितों. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपले घालावे.

समजा, घरचा पांच एकर ऊस आहे व त्याचे २०० टन भरले. रोज चार टन गाळला, तर ५० दिवस गुऱ्हाळ चालेल. टनास ११० किलो उतारा पडला, तर २२० क्विंटल गूळ झाला. तो ४,००० रुपये भावानें गेला, म्हणजे ८,८०,००० रुपये आले. आतां रोख खर्च पाहूं. गुळव्या, चुलव्या व इतर गड्यांची मजुरी १,४०,०००. ऊसतोड व गुऱ्हाळापर्यंतची वाहतूक १,००,०००. वीज, भेंडी, चुना, कापड वगैरे ३०,०००. हमाली, तोलाई व पेठेपर्यंतचें भाडें ४०,०००. एकूण ३,१०,०००. हातीं राहिले ५,७०,००० रुपये. हीच ती शिल्लक. ती पाहून मालक संतुष्ट होतो व मुलीचें लग्न याच वर्षीं उरकावें असें घरांत बोलणें सुरू होतें.

परंतु या हिशेबांत ऊस फुकटचा धरला आहे! घरचा आहे म्हणून त्यास किंमत नाहीं असें कोण म्हणेल? तो कारखान्यास घातला असता तर जें पदरांत पडलें असतें, ती त्याची किंमत. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के साखर-उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर ठरविला, म्हणजे टनास ३,५५० रुपये. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें हे पैसे ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत द्यावयाचे असतात. आपल्याकडे त्यांतून तोडणी व वाहतूक वजा होते, व कारखान्याच्या उताऱ्याप्रमाणें दरही कमीजास्त होतो. हें सर्व जाऊन टनास २,६०० रुपये हातीं येतील असें धरलें, तर २०० टनांचे ५,२०,००० झाले. ते गुऱ्हाळाच्या नांवें टाकतांच ५,७०,००० पैकीं अवघे ५०,००० उरतात.

अजून दोन रकमा राहिल्या. चरक, मोटार, काहील व चुलवाण यांस साडेचार लाख पडले व तें सामान १५ वर्षें टिकेल असें मानलें, तर दर वर्षीं ३०,००० रुपयांचें सामान झिजून जातें. हा घसारा. तो कोणी मागावयास येत नाहीं, म्हणून त्याचा विसर पडतो. मात्र पंधराव्या वर्षीं तो सगळा एकदम मागावयास येतो. दुसरी रक्कम घरच्या माणसांच्या श्रमाची. बाप व मुलगा दोघेही ५० दिवस राबले. परक्या घरीं राबते तर रोजचे ५०० रुपये प्रत्येकीं मिळाले असते, म्हणजे ५०,०००. या दोन्ही रकमा वजा घातल्या कीं नफा तर नाहींच, उलट ३०,००० रुपयांची खोट निघते. पेटींत पावणेसहा लाख आणि धंद्यांत तीस हजारांची खोट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

यावरून गुऱ्हाळें मोडावीं असा अर्थ कोणी घेऊं नये. वरील सर्व खर्च मिळून ९,१०,००० होतात. त्यांस २२० नें भागलें कीं क्विंटलला सुमारें ४,१३६ रुपये पडतात. पेठेंत सौद्यास उभें राहण्यापूर्वीं हा एक आंकडा ज्यास ठाऊक आहे, तो कोणत्या भावास होय म्हणावें व ऊस कारखान्यास केव्हां घालावा हें स्वतः ठरवूं शकतो. हाच गूळ ४,३०० नें गेला असता तर ३६,००० नफा होता. भाव आपल्या हातीं नाहीं, परंतु उतारा बराचसा आहे. ११० च्या जागीं १०० किलोच पडला, तर २० क्विंटल गूळ, म्हणजे ८०,००० रुपये, बुडाले. कोवळा ऊस, तोडून दोन दिवस पडलेला ऊस, नीट न पिळणारा चरक, यांतील दोष कोठें आहे हें रोजचा ऊस व रोजचा गूळ तोलून लिहिल्यावांचून कळत नाहीं. आम्हांस हा रकाना साऱ्या वहींत अधिक मोलाचा वाटतो.

गुऱ्हाळावर आलेल्यास रस पाजावा, काकवीचा तांब्या भरून द्यावा, ही आपली रीत आहे. ती बंद करा असें आम्ही म्हणणार नाहीं. पण घरीं व सोयऱ्यांकडे गेलेल्या ढेपा भावाप्रमाणें घरखर्चांत लिहाव्या. गड्यांस हंगामापूर्वीं दिलेली उचल ही मजुरी नव्हे. ती ज्याच्या त्याच्या नांवावर येणें म्हणून ठेवावी व काम होईल तशी वळती करावी. पेठेंत राहिलेल्या उधारीचेंही तसेंच.

पीककर्जाची बाब निराळी आहे. २०२५-२६ सालापुरत्या व्याजसवलतीच्या योजनेप्रमाणें तीन लाखांपर्यंतच्या कर्जास ७ टक्के व्याज व मुदतींत फेडणारास ३ टक्के सूट होती. पूर्ण तीन लाख वर्षभर वापरले, तर २१,००० च्या जागीं १२,००० भरावे लागत; म्हणजे तारीख चुकली कीं ९,००० गेले. गुळाची पट्टी येतांच कर्जाची रक्कम बाजूस काढावी, कारण घरखर्चाच्या पेटींत गेलेला पैसा त्या तारखेपर्यंत क्वचितच टिकतो.

आपल्याकडे हिशेबाची वही पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दुकानींच राहिली. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. पुढें १८७९ च्या कायद्यानें दक्षिणेंतील शेतकऱ्यास भरलेल्या पैशाची लेखी पावती व वर्षाचा हिशेब सावकाराकडून मागण्याचा हक्क मिळाला. तो हिशेबही लिहिणारा सावकारच होता. आज बँकेचा उतारा घरबसल्या मिळतो. तथापि त्यांत घरचा ऊस, घरचे श्रम व चरकाची झीज यांतलें कांहींच नसतें. तें आपणच लिहावयास हवें.

तेव्हां पहिलें आधण उतरेल त्या दिवशींच वही घालावी. धंद्याचें बँकखातें घरच्या खात्याहून वेगळें काढावें, व घरासाठीं दर महिन्यास एक ठराविक रक्कम नांवें टाकून मगच उचलावी. पहिल्या पानावर सामानाची यादी, घेतल्याचें साल व किंमत लिहावी. दुसऱ्यावर देणें व येणें. तिसऱ्या पानापासून रोजचा ऊस, रोजचा गूळ व रोजचा खर्च, त्याच रात्रीं.